रिव्हर्सची जागा

टीडमन घराण्याचं संमेलन दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भरतं, आणि ते कुठे भरवायचं हे ठरवण्याचा मान भावंडांमध्ये आळीपाळीने फिरतो. मान म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. अमेरिकेतल्या उत्तर आयोवात तुम्ही एखाद्याला विचारलंत, "तुला कुठे आवडेल?" तर तो म्हणतो, "माझं काय, मला कुठेही चालेल." मग तुम्ही निवडलेल्या जागेबद्दल पुढची अकरा वर्षं तो चकार शब्द काढत नाही. त्या न बोलण्यात काय काय भरलेलं आहे, हे सगळ्या काउंटीला कळतं.

यंदा पाळी व्हर्लिनची होती. माणसं एकतीस, तंबू सहा आणि कॅम्पर पाच. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागे ओढायचं चाकांवरचं घर. त्यात पलंग, शेगडी, संडास असं सगळं असतं. माणूस ते घेऊन निसर्गात जातो आणि आत बसून टीव्ही बघतो. तंबूवाल्यांना मऊ माती आणि सावली लागते. कॅम्परवाल्यांना वीज, पाणी आणि घाण वाहून नेणारा पाइप लागतो. या दोन पंथांना एकाच कॅम्पग्राउंडवर सुखी ठेवणं हा व्हर्लिनपुढचा जाहीर प्रश्न होता.

खाजगी प्रश्न वेगळाच होता. व्हर्लिनला आता कॅम्पर रिव्हर्स घेता येत नव्हता.

हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. शेतकऱ्याला रिव्हर्स जमत नाही म्हणजे पाद्र्याला प्रार्थना पाठ नाही. त्यातून हा व्हर्लिन! चोविसाव्या वर्षी काउंटीच्या जत्रेत त्याने चार चाकी गवताची गाडी ट्रॅक्टरने मागे ढकलत शेडमध्ये घातली होती. दोन्ही बाजूंना वीतभर जागा, आणि गडी एका हाताने कणीस खात होता. ते पाहणारी माणसं निम्मी स्वर्गवासी झाली, उरलेली अजून सांगतात. आता तो एकाहत्तर वर्षांचा होता. डॉक्टरांनी मानेचे दोन मणके स्क्रू लावून जोडल्यापासून मान चर्चच्या मनोऱ्याइतकीच वळायची. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, त्यामुळे त्या बाजूच्या आरशात कायम धुकं. मुलीने नाताळात मागे लावायचा कॅमेरा दिला होता. त्यात अंतर दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या रेघा यायच्या, आणि व्हर्लिन त्या वाचेपर्यंत झाड येऊन पोचलेलं असायचं.

गेल्या सप्टेंबरात एका कॅम्पग्राउंडवर त्याने रिव्हर्स घेताना विजेचा खांब आडवा केला. शनिवारची दुपार, फुटबॉलचा सामना ऐन रंगात, आणि अठरा कॅम्परमधले टीव्ही एकदम बंद. माणसं दारं उघडून बाहेर आली. शिव्या दिल्या असत्या तर व्हर्लिन सावरला असता. पण कोणी काही बोललं नाही. "कोणाच्याही हातून होतं हो," असं म्हणून एक बाई सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, देऊन गेली. तो पाय घशाखाली उतरायला त्याला तीन दिवस लागले.

तर जूनच्या पहिल्या रविवारी, चर्च आटोपल्यावर, व्हर्लिन आणि त्याची बायको लाव्हॉन पिकअप घेऊन जागा बघायला निघाली.

पहिली जागा पेलिकन पॉइंट. तळं, काठाने ओकची जुनी झाडं, तंबूंसाठी लोण्यासारखी माती, गरम पाण्याच्या न्हाण्या. देखरेखीला अर्मा नावाच्या बाई, त्यांनी नकाशा उलगडला.

"सहा तंबू इथे, पाण्यालगत. पाच कॅम्पर या ओळीत. सगळ्यांना सावली आहे."

"आत कसं शिरायचं?" व्हर्लिनने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रिव्हर्स. सगळ्या जागा रिव्हर्सच्याच." अर्माबाई उत्साहाने पुढे म्हणाल्या, "समोर मोकळं मैदान आहे ना, संध्याकाळी सगळे तिथे खुर्च्या टाकून बसतात आणि नवीन येणाऱ्यांचं पार्किंग बघतात. फार मजा येते!"

व्हर्लिनने झाडांकडे पाहिलं. "खारी फार दिसतात."

"खारी?" लाव्हॉन म्हणाली.

"खारी वायरी कुरतडतात."

"आपल्या कोठारात तीस वर्षं खारी आहेत, व्हर्लिन."

"म्हणून तर मला माहीत." त्याने वर पाहिलं. "आणि सावलीही जरा जास्तच आहे."

अर्माबाईंना वीस वर्षांत सावली जास्त असल्याची तक्रार कोणी केली नव्हती. तरी त्या म्हणाल्या, "खरंय, काहींना असं वाटतं," आणि जागा या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारपर्यंत राखून ठेवते म्हणाल्या.

दुसरी जागा सनसेट एकर्स. तिथे सगळ्या जागा आरपार होत्या. म्हणजे एका बाजूने शिरायचं, थांबायचं, आणि जाताना दुसऱ्या बाजूने निघून जायचं. रिव्हर्स गिअरला हात लावायचं कारणच नाही. व्हर्लिनला ती खडीची सरळ ओळ पाहून जो आनंद झाला, तो त्याला लग्नातही झाला नव्हता. झाड एकही नव्हतं. तंबूंसाठी कुंपणालगत खडीतच उगवलेल्या गवताची एक पट्टी होती, आणि कुंपणापलीकडे चोवीसशे डुकरांच्या दोन लांबलचक शेड.

"वास येतो का हो?" लाव्हॉनने मालकाला विचारलं. ड्वेन नाव त्याचं.

ड्वेन सरळ माणूस होता. "वारा नैर्ऋत्येचा नसला तर अजिबात नाही."

"जुलैत वारा कुठला असतो?"

ड्वेनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "नैर्ऋत्येचा," तो म्हणाला.

"जागा प्रशस्त आहे," व्हर्लिन म्हणाला.

परतीच्या वाटेवर सहा मैल मागे पडले. दोन्ही बाजूंना घोट्याएवढा मका. मग लाव्हॉन म्हणाली, "डुकरं आहेत तिथे."

"आपणही पाळलीच होती की डुकरं."

"पाळली होती. त्यांच्याकडे सुट्टीला गेलो नव्हतो."

एवढंच बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली. खांब पडला तेव्हा ती शेजारीच बसलेली होती. तिला सगळं कळत होतं, आणि म्हणूनच ती बोलत नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने व्हर्लिनला 'तू चुकतोयस' असं सरळ दोनदाच सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा घर पेटत होतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात, जेवणं झाल्यावर, व्हर्लिनने घराण्यापुढे प्रस्ताव मांडला. टेबलावर हॅमचे सँडविच, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आणि पातळ कॉफी. पेलिकन पॉइंटचं वर्णन त्याने दोन वाक्यांत उरकलं. त्यातलं एक खारींबद्दल होतं. सनसेट एकर्सवर तो पाच मिनिटं बोलला. डुकरांचा उल्लेख त्याने 'शेजार' असा केला.



मोठी बहीण आर्डिस, निवृत्त शाळामास्तरीण, घसा खाकरून म्हणाली, "माझं काय, मला कुठेही चालेल. डुकरं हुशार असतात म्हणे."

"फार हुशार," धाकटा भाऊ लीलंड म्हणाला. सहातले चार तंबू त्याच्याच पोराबाळांचे होते, ते डुकरांपासून बारा फुटांवर ठोकायचे होते. "आणि तळं म्हणजे डास आलेच. वासाचं काय, तासाभरात नाक मरतं."

"उन्हाने हाडं चांगली राहतात," कोणीतरी म्हणालं.

"खडीत तंबूच्या खुंट्या घट्ट बसतात," लीलंडची बायको म्हणाली. खडीत खुंटी शिरतच नाही, हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

व्हर्लिन ऐकत होता. आधी त्याला हायसं वाटलं, मग जरा विचित्र वाटलं. इतक्या माणसांनी एका दमात डुकरांची तारीफ करावी, हे या घराण्यात पूर्वी घडलेलं नव्हतं. सगळे जेलीकडे बघत होते. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून हिल्डाआत्या बोलली. आत्या एक्क्याण्णव वर्षांची. गुडघे, कान आणि भीड, तिन्ही तिला सोडून गेलेली.

"मला मेलीला पाणी बघायचं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "पण आर्डिस म्हणाली, व्हर्लिनला आता मागे घेता येत नाही, तेव्हा डुकरांचंच कौतुक करा. म्हणून मी पण करते. छान असतात डुकरं."

आर्डिसचा चेहरा बिटासारखा झाला. लीलंड टेबलाखाली काहीतरी पडलंय असं समजून वाकला, आणि वर यायची त्याला काही घाई दिसेना.

व्हर्लिनने कप खाली ठेवला. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि माहीत असून एवढी माणसं, त्यात दोघं दम्याची, तीन दिवस डुकरांची वाफ हुंगायला हसत हसत तयार झाली होती. पाय देऊन गेलेली ती बाई परवडली. ही तर अख्खी बेकरीच त्याच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पेलिकन पॉइंट," तो म्हणाला. "मी घेईन मागे."

"अरे, त्रास होणार असेल तर—" आर्डिस.

"होणारच आहे त्रास. तळ्यावर जायचं."

जुलैच्या त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता व्हर्लिनचा कॅम्पर पेलिकन पॉइंटवर पोचला. बाकीचे आधीच आले होते. तंबू उभे होते, मैदानात खुर्च्या मांडलेल्या होत्या. व्हर्लिनने मन घट्ट करून तिकडे पाहिलं, आणि त्याला दिसल्या एकोणतीसच्या एकोणतीस पाठी.

घराण्याने आपापसात ठरवून खुर्च्या तळ्याकडे तोंड करून लावल्या होत्या. एकही मान वळत नव्हती. इतका एकाग्र होऊन तळ्याकडे आजवर कोणी पाहिलं नसेल. लाव्हॉनही उतरली, "पाणी सुंदर आहे," असं म्हणाली आणि जाऊन त्या ओळीत बसली. इतकी वर्षं ती रिव्हर्सच्या वेळी मागे उभी राहून हात हलवायची आणि इतकी वर्षं तो तिला, "मध्ये येऊ नकोस," म्हणायचा. आता ती मध्ये येत नव्हती.

पिकअप एकाच जागी पुढे-मागे होऊ लागला. पहिल्या खेपेला कॅम्पर रस्त्यातच आडवा झाला. दुसऱ्या खेपेला उजवीकडून, धुक्यातून, फांदी घासल्याचा करकर आवाज आला. व्हर्लिनने ब्रेक मारला. तळं बघणाऱ्यांच्या पाठी किंचित ताठ झाल्या, बस.

तो खाली उतरला. त्या पाठींकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की गेले दहा महिने आपण ज्या गोष्टीला भीत होतो, तीच आता आपल्याला हवी आहे.

"अरे, कोणीतरी बघा ना इकडे!" तो ओरडला.

कोणी हललं नाही. आर्डिस न वळताच म्हणाली, "आम्ही तळं बघतोय. छान आहे."

"तळं कुठे पळून चाललंय का? मला दिसत नाहीये! उजवीकडचं काही म्हणजे काही दिसत नाहीये!"

"म्हणजे तुझी हरकत नसेल तर..." लीलंड.

"बघा रे बाबांनो, बघा!"

मग खुर्च्या भराभर वळल्या. आणि माणसं मोकळी झाली.

"डावीकडे!" "अरे, फार झालं!" "चाक सोड, चाक सोड!" "तुझं डावं की त्याचं डावं?" "लीलंड, तू गप्प बस, तू कोठाराचं दार पाडलंस!" "पुढे घे!" लाव्हॉन उठून मधोमध उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि ज्या आवाजात ती कधी बोलली नव्हती त्या आवाजात गरजली, "व्हर्लिन! माझ्याकडे बघ! फक्त माझ्याकडे!"

डाव्या आरशात ती स्वच्छ दिसत होती. तो तिच्याकडे बघू लागला.

पण एकदा बांध फुटला की पाणी काही नेमक्या पाटानेच जात नाही. "उजवीकडे घे," आर्डिस ओरडत होती, "आणि आईचं शिसवी कपाट मला न विचारता विकलंस तू!" "थोडं मागे! अजून! आणि आर्डिस, तुझी जेली कोणालाच आवडत नाही!" "कोणालाच?" "कोणालाच! थांब, थांब, झाड!" लीलंडची बायको म्हणत होती की तिला तंबूत झोपायला कधीच आवडलं नाही, एकोणतीस वर्षं तिची पाठ दुखते आहे. लीलंड तिच्याकडे आ वासून बघत राहिला. शेजारच्या जागांवरचे लोकही खुर्च्या उचलून जवळ सरकले.

अकराव्या खेपेला कॅम्पर जागेत शिरला. व्हर्लिनने हँडब्रेक ओढला, काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"कसा लागलाय?"

शिष्टाचाराप्रमाणे उत्तर एकच होतं: "काही वाईट नाही." पण ते कोणाच्या तोंडून निघालं नाही.

"वाकडा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"किती?"

"खूप!" लाव्हॉन म्हणाली. ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती. "दार ओकच्या झाडाला लागलंय. वीतभरच उघडेल. आडवं होऊन आत शिरावं लागेल आपल्याला."

"शिरू आडवे," व्हर्लिन म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं आणि तसाच सीटवर बसून राहिला. कोणी पाय घेऊन आलं नाही. आर्डिस तर अजून कपाटाच्या विषयावरच अडली होती.

तेवढ्यात खुर्च्यांच्या शेवटून आवाज आला.

"झालं पण?" हिल्डाआत्या म्हणत होती. "माझी खुर्ची कोणी वळवलीच नाही. मी आपली पाणीच बघत बसले. व्हर्लिन, बाळा, पुन्हा एकदा कर की."

सगळे व्हर्लिनकडे बघू लागले. सरळ, तोंडावर.

"आत्याची खुर्ची फिरवा रे," तो म्हणाला, आणि त्याने किल्ली फिरवली.