कोरा फिल्टर

"बाळाला पावडर फासून तशीच इकडे प्रयोगशाळेत येत जाऊ नकोस, बाई. एक कणसुद्धा महागात पडेल," तिला सारखं टोकणारे फिल्टरवाले काका म्हणाले होते.

"काका, विमान काय माझ्या बाळाचा वास घेत उडणार आहे?" ती हसली होती.

त्याच महिन्यात काका निवृत्त झाले आणि संशोधनाच्या विमानात फिल्टर भरायचं काम तिच्याकडे आलं. धुरक्यातले कुठले कण ऊन परतवून लावतात आणि कुठले ते पिऊन हवा तापवतात, हे हवा गाळून घेणाऱ्या त्या बांगडीएवढ्या चकत्यांवरून कळायचं. काकांची एक रीत होती. दर उड्डाणाला एक फिल्टर वर न्यायचा, पण त्यातून हवा ओढायचीच नाही. तो कोरा. कोरा मळका निघाला, तर मळ आभाळाचा नव्हे, आपल्या हातांचा.

आणि एका सकाळी कोरा मळका निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली पांढरे पापुद्रे दिसले. तिने आपल्या बाहीकडे पाहिलं, तर तिथे बाळाची पावडर होती. चार तासांचं उड्डाण मातीत! डब्यात नवे फिल्टर होते. एक गुपचूप बदलला असता, तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

ती सरळ मोहिमेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमकडे गेली. "चूक माझी आहे. बाळाची पावडर. सगळे नमुने बाद करा."

मॅडमनी नमुन्यांच्या यादीवर काट मारली. मग म्हणाल्या, "तू लपवलं असतंस, तर खोटा आकडा जगभर फिरला असता. परवा पुन्हा उडू. फिल्टर तूच भरायचे."

पुन्हा उडायच्या दिवशी ती बाळाचा पापाही न घेता निघाली.

"अगं, रडतंय ते!" सासूबाई ओरडल्या.

"रडू दे, आई. आज मला कुणी शिवायचं नाही!"

उड्डाणानंतर कोरा लख्ख निघाला. तिने लगेच काकांना फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. मुळात तिचा जीव चिमणीएवढा, लगेच काळजीत पडणारा. ती तशीच उठून त्यांच्या घरी गेली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. तीन दिवसांच्या तापाने खंगलेले काका भिंत धरून उभे होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"कोरा काय म्हणतोय?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"कोराच आहे, काका."

काकांनी भिंत सोडली आणि ते ताठ उभे राहिले.

तुम्हाला सारखं टोकणारं कुणी हल्ली गप्प असेल, तर नुसत्या फोनवर थांबू नका. जाऊन बघून या.