गुप्तदानाचे कोंबडे

उमाकांत उजागरेला माईक फार आवडायचा. टेलिफोनच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. दिवसभर रिसिव्हर तपासायचं काम, त्यामुळे आपला आवाज पलीकडच्या टोकाला पोचतोय की नाही, ही त्याला कायमची काळजी. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लग्न असो, मयत असो, नाहीतर रविवारच्या शाळेची चमचा-लिंबू शर्यत असो, उमाकांत माईकपाशी हजर. दोनदा टकटक, एक फुंकर, आणि मग, "सलाम, मंडळी."

गेल्या नाताळात त्या माईकनंच त्याचा घात केला.

मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. तमिळ मंडळीची उपासना आटोपली की त्यांच्याच चर्चमध्ये हे लोक बसायचे. बाकं अजून कोमट असायची. गेल्या नाताळात तिथं 'गरजूंना प्रेमाची भेट' असा कार्यक्रम ठेवला होता आणि उमाकांतनं माईकवर खणखणीत पुकारलं, "सकवारबाई पाटोळे. विधवा, निराधार. एक घोंगडी."

सकवारबाई बसस्टँडपाशी भाजलेल्या शेंगा विकायची. आपण निराधार आहोत हे तिला तेव्हाच कळलं. तरी ती उठली, पुढं आली आणि तिनं घोंगडी घेतली. फोटो काढणाऱ्या पद्माकरचा फ्लॅश पेटला नाही. "अक्का, परत एकदा घ्या." तिनं परत घेतली. मग तिचे डोळे मिटले. "परत एकदा अक्का, आणि स्वल्प हसा." त्यावर सकवारबाईनं ती लाल काठाची घोंगडी उलगडली, उमाकांतच्या खांद्यावर नीट पांघरली, दोन्ही टोकं त्याच्या गळ्यापाशी जुळवली आणि ती दारातून निघून गेली.

तो फोटो मात्र उत्तम आला.

त्यानंतर सकवारबाई चर्चमध्ये आली नाही आणि तिच्याबरोबर मंडळीचा सूर गेला. प्रत्येक गीताची पहिली ओळ तीच धरायची. आता पुरुष एका पट्टीत सुरू करायचे, बायका दुसऱ्या, आणि पेटीवाला दोघांमध्ये समेट घडवत दमून जायचा. पाळकसाहेब डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, प्रार्थना करतायत.

उमाकांतला रोज सकाळी वेगळीच शिक्षा होती. पहिल्या पाळीची बस पकडताना तो तिच्याकडून शेंगांचा पुडा घ्यायचा. पुडा बांधण्याआधी वरून चार शेंगा टाकायची तिची पद्धत होती. सगळ्यांना टाकायची. कंडक्टरला टाकायची, भांडणाऱ्याला टाकायची. उमाकांतचा पुडा मात्र ती आता मापाचा बांधायची आणि पलीकडं बघायची.

"तुमची घोंगडी ट्रंकेत आहे," थंडी पडली तशी त्याची बायको अलका म्हणाली. "काढू का?"

"नको."

"नाही, फोटोत छान दिसली होती तुम्हाला."

एकसष्ट सालचा डिसेंबर असा सुरू झाला. त्या वर्षी धुकं फार. सकाळी रस्ता दिसायचा नाही, रस्त्याचे आवाजच चालत यायचे आधी, आणि मग बऱ्याच वेळानं त्या आवाजांची माणसं. अशाच एका सकाळी बसस्टँडवर शेंगांचा वास नव्हता. शेगडी नव्हती, सकवारबाईही नव्हती. ती आली तेव्हा बस सुटत होती.

तिच्या घरमालकानं, देवाप्पानं, कारण सांगितलं. देवाप्पा निपाणीकडचा. तो अर्धं बोलणं मराठीत करायचा आणि उरलेलं अर्धं हातांनी. "तिचा कोंबडा मेला की ओ. म्हातारा झालता. तोच उठवायचा तिला. आता झोपून राहती बिचारी, गिऱ्हाईक जातंय." हे त्यानं उमाकांतला सांगितलं. आणि बसच्या रांगेत जे जे होते त्या सगळ्यांनाही सांगितलं.

त्याच रविवारी पाळकसाहेबांनी दानावर उपदेश केला. म्हणाले, पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक एवढ्या लांबून बाळ येशूसाठी सोनं, ऊद, गंधरस घेऊन आले, पण त्यांची नावं शास्त्रात कुठं आहेत का? नाहीत. दिलं, नमन केलं, दुसऱ्या वाटेनं घरी गेले. गव्हाणीपाशी कुणी माईक लावला नव्हता. एवढं बोलून ते जरा थांबले. उमाकांतला वाटलं, सगळं चर्च आपल्याकडंच बघतंय. खरं म्हणजे कुणीच बघत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या पायांकडं बघत होता, कारण गेल्या वर्षी टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

उमाकांतनं ठरवलं. या वेळी द्यायचं ते तिला हवं ते, आणि कुणाला कळता कामा नये. अलकालासुद्धा नाही. तिनं घेतलं तर निदान ती चर्चमध्ये यायला मोकळी होईल. त्यानं बाजारातून एक तांबडा, तुरेबाज कोंबडा आणला आणि जळणाच्या कोठीत टोपलीखाली कोंडला. नाताळच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत तो उठला. अलका पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेली दिसत होती. कोंबडा लपवायला शाल पुरेना, म्हणून त्यानं ट्रंकेतली घोंगडी काढली, कोंबडा त्यात गुंडाळला आणि बाहेर पडला.

बाहेर धुकं असं होतं की घरं पाण्याखाली उभी असल्यासारखी वाटत होती. दिव्याच्या खांबांना दुधाचे गोळे लागले होते. आपले पाय जमिनीला लागतायत की नाही हे उमाकांतला कळेना. घोंगडीच्या आत कोंबड्याचं काळीज धडधडत होतं आणि ते आपलंच आहे असं त्याला वाटायला लागलं. सगळं गाव झोपलंय आणि आपण एकटेच एक चांगली गोष्ट घेऊन तरंगत चाललोय. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात समोरून पद्माकर आला. अंगावर शाल, पोट केवढं तरी मोठं.

"फिरायला?" पद्माकरनं विचारलं.

"फिरायला. तू?"

"मीपण. हवा चांगली आहे."

पद्माकरचं पोट "कुक" म्हणालं. उमाकांतची घोंगडीही "कुक" म्हणाली. दोघांनी आकाशाकडं बघितलं आणि हवा खरंच चांगली आहे असं ठरवून वेगवेगळ्या बाजूंना वळले.

पुढच्या कोपऱ्यावर पेटीवाला दिसला, त्याच्यामागं रविवारच्या शाळेच्या बाई. धुक्यातून पोटुशी माणसं येत होती, एकमेकांना न बघता जात होती, आणि प्रत्येकाच्या छातीशी काहीतरी फडफडत होतं, पंख फुटायची वेळ झाल्यासारखं. सकवारबाईच्या परसाच्या कुंपणापाशी एक ठेंगणी आकृती वाकलेली होती. ती खोकली. तो खोकला उमाकांतनं लग्नापासून ऐकला होता. पण दान गुप्त होतं. तत्त्वासाठी त्यानं स्वतःच्या बायकोला ओळखलं नाही. तिनंही पदर पुढं ओढला आणि परक्या माणसाला वाट द्यावी तशी बाजूला झाली.

त्यानं कोंबडा कुंपणाच्या आत बांधला. तो कुडकुडत होता, म्हणून त्याच्यावर घोंगडी टाकली आणि हलक्या पावलांनी परतला. घरी आला तेव्हा अलका पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेली होती. पायात चपला होत्या.

चहाचा पहिला घोट घेताना त्याला घोंगडी आठवली.

लाल काठाची. अख्ख्या मंडळीत तसली एकच, आणि तिचा फोटोसुद्धा होता. दान गुप्त ठेवायचं म्हणून त्यानं कोंबडा जिच्याखाली लपवला होता, तीच तो तिच्या दारात टाकून आला होता. सकवारबाईला काय वाटेल? नाही घेतली, म्हणून हा माणूस ती कुंपणावरून फेकून गेला. आता ती जन्मात यायची नाही. परत जाऊन आणावी म्हणून तो उठला, तर दारात देवाप्पा.

"साहेब, आमच्या परसात काय जत्रा आहे का ओ?"

"कसली जत्रा?"

"सात-आठ कोंबडे आहेत. एक ओरडला की दुसऱ्याला राग येतोय. अक्का मधी बसलीय, बाजूनं हे सगळे. म्हणती, घोंगडी परत द्यायला माणूस तरी होता, हे कुणाला परत देऊ?"

"घोंगडीचं काय म्हणाली?"

"परसात कुठं घोंगडी आहे ओ?" देवाप्पानं विचारलं.

उमाकांतनं त्याला चहा दिला.

नाताळच्या सकाळी त्या कोंबड्यांनी शिवाजीनगरचं घड्याळ मोडून टाकलं. एक आरवला, की बाकीचे आपली इज्जत गेल्यासारखे आरवायचे. काळोखातच बेकरीवाल्यानं भट्टी पेटवली. हॉटेलवाल्यानं दाराच्या फळ्या काढल्या. बसस्टँडवर डबे घेतलेली माणसं धुक्यात उभी राहिली आणि न येणाऱ्या बसची शांतपणे वाट बघू लागली, कुणी कुणाला काही विचारेना. जन्मात कधी वेळेवर न आलेली मराठी मंडळी तमिळ उपासना संपायच्या आधीच चर्चच्या दारात पोचली. तमिळ पाळकांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी शेवटची दोन गीतं गाळली.

मराठी उपासना सुरू झाली. पहिल्या गीताला पुरुष एकीकडं गेले, बायका एकीकडं. तेवढ्यात दार उघडलं आणि सकवारबाई आत आली. इस्त्रीचं पातळ, डोक्यावर पदर. मागं देवाप्पा, त्याच्या डोक्यावर भली मोठी पाटी आणि पाटीतून माना.

गीत थांबलं. सकवारबाई सरळ पुढं गेली. उमाकांत माईकपाशी उभा होता, तो बाजूला झाला. तिनं माईकवर दोनदा टकटक केलं, एक फुंकर मारली.

"सलाम, मंडळी," ती म्हणाली. "हे कोंबडे कुणाचे?"

बोलावं तर दान उघड होणार. पद्माकर छताकडं बघत होता. पाळकसाहेबही छताकडं बघत होते, तेव्हा उमाकांतला कळलं की सात-आठांतला एक त्यांचा.

"कुणाचेच नाहीत? मग माझे. सरी, ठरलं," सकवारबाई म्हणाली. "माझे म्हणजे मी कुणालाही देईन." तिनं पाटीत हात घातला. "पद्माकर पवार. कॅमेरा आहे, अक्कल थोडी. एक कोंबडा."

पद्माकर उठला. पुढं आला. हात पुढं करताना त्याचे कान लाल झाले. "परत एकदा घे," सकवारबाई म्हणाली, "स्वल्प हसून." तो हसला. मग सगळं चर्च हसलं, आणि हसता हसता एकेकाच्या लक्षात येत गेलं की आपलंही नाव येणार आहे.

नावं येत गेली. पेटीवाला, सूर बरा, धीर कमी. रविवारच्या शाळेच्या बाई, आवाज मोठा, मन मऊ. पाळकसाहेबांना तिनं नुसतंच "आमचे पाळक" म्हटलं आणि सगळ्यांत मोठा दिला. उमाकांत पाटीकडं बघत होता. घोंगडी पाटीत असणार. सगळ्यांत शेवटी ती घोंगडी काढणार.

"उमाकांत उजागरे," सकवारबाई म्हणाली आणि पाटीत खोलवर हात घालून चाचपू लागली. "सुपरवायझर. बायको हुशार. एक कोंबडा."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. घेणं इतकं जड असतं हे त्याला माहीत नव्हतं. पाय कुठं ठेवावेत तेच कळेना. कोंबडा काळा होता, पांढऱ्या शेपटीचा. तो घेऊन तो जागेवर आला तसं अलकाच्या तोंडून निघालं, "अगं बाई, परत आला हा." मग तिनं गीतांचं पुस्तक उघडलं आणि उलटं धरलं. उमाकांतनं काही ऐकलं नाही.

पाटी रिकामी झाली. घोंगडी नव्हती.

"एक मी ठेवलाय," सकवारबाई म्हणाली. "सगळे ओरडून दमले, मग उजाडलं, तेव्हा जो आरवला तो." आणि माईक बाजूला सारून तिनं गीताची पहिली ओळ धरली. तो सूर चर्चभर असा पसरला की पेटीवाल्याला तो शोधावा लागला नाही. सगळे त्यात अलगद शिरले, पुरुष, बायका, मांडीवरचे कोंबडे. दारातून धुकं आत आलं होतं आणि मेणबत्त्यांच्या भोवती रेंगाळत होतं. उमाकांतला माईकची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो निघाला तेव्हा अजून फटफटायचं होतं. धुक्यात कुठंतरी एकच कोंबडा आरवला, अगदी वेळेवर. तांबडा की दुसऱ्या कुणाचा, आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. आधी शेंगांचा वास आला, मग शेगडीचा लाल ठिपका, मग सकवारबाई. तिच्या खांद्यावर घोंगडी होती. लाल काठाची. दोन्ही टोकं तिनं गळ्यापाशी जुळवून घेतली होती.

तिनं शेंगा मापल्या.

"उमाकांता, माझ्याकडं राहिलाय तो कोंबडा तुझा का रे?"

उमाकांतचं तोंड उघडलं. आयुष्यभराची सवय जिभेवर येऊन उभी राहिली.

"कुठला कोंबडा, अक्का?" तो म्हणाला.

नाताळच्या दुसऱ्याच दिवशी खोटं बोललो, हे त्याला जाणवलं. त्याचं बघू रविवारी.

सकवारबाईनं पुडा बांधायला घेतला, थांबली, आणि वरून मूठभर शेंगा टाकल्या. मग पलीकडं बघत म्हणाली, "बस आली तुझी."

बस आलेली नव्हती. पण तो धुक्यात दोन पावलं पुढं गेला आणि तिथं उभा राहून शेंगा खाऊ लागला.