एकाच साच्याचे तुकडे

१७.
झुल्मानं आकाशाच्या तुकड्याखाली नख घातलं आणि तो उचकटून काढला. शिडाच्या जागी तो इतका नेमका बसला होता की निघताना कट्ट असा आवाज झाला.

५.
टेबलाखालची चटई उचलली, तर काळ्या-पांढऱ्या फरशीत एक करडं वर्तुळ दिसतं. तेवढं सिमेंट वडिलांनी स्वतः ओतलं होतं, गवंडी न बोलावता.

४१.
‘ब्लांका ओलिव्हेरा, वय चार. अंगात पांढरा फ्रॉक, पाय अनवाणी. नदीकाठी कोणाला दिसल्यास...’ पत्रक आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात अजून आहे. घडीवर फाटलंय.

२२.
“मावशी, रविवारी येतो. वृद्धाश्रमाचे कागद सोबत असतील. आईला आधी सांगू नकोस.”

असे आकडे या घरातल्या जिगसॉच्या, म्हणजे चित्रकोड्यांच्या, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेले होते. कारखान्यानं अठ्ठेचाळीस चित्रं छापली आणि ती सगळी एकाच साच्यात कापली. प्रत्येकाचे तीनशे तुकडे. त्यामुळे बंदरातला तुकडा काढून त्या जागी गाईचा पाय बसवला तरी तो बसायचा. हाताला बरोबर, डोळ्याला चूक. हे जिगसॉ जमवणारी माणसं म्हणूनच नवी पेटी घरी आणली की चित्र लावायच्या आधी सगळे तुकडे पालथे घालून त्यांवर पेटीचा आकडा टाकतात. मेर्सेदेस गावाच्या जुन्या बाजारातही गिऱ्हाईक आधी तुकडा उलटून बघतं, मग भाव विचारतं.

झुल्मा आणि ओतिलिया या दोघी बहिणींनी चाळीस वर्षांत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पेट्या मिळवल्या होत्या. झुल्मानं लग्न केलं नाही. ओतिलियानं केलं, पण नवऱ्यालाच या घरी आणलं, आणि तो गेल्यावरही ती इथेच राहिली. जिगसॉचं टेबल घराच्या मधल्या चौकात होतं. पूर्वी चौक उघडा होता. आता वर काचेचं छप्पर होतं आणि खाली चटई.

या हिवाळ्यात ओतिलिया हाताला येईल त्या पेटीतले तुकडे उचलू लागली.

“अगं, तो गाईचा पाय आहे,” झुल्मा म्हणाली.

“असू दे. बसला ना?”

“बसणारच. सगळेच बसतात.”

“मग माझ्याच मागे का लागतेस? गाईला सांग.”

हा गाईचा पाय मागच्या खेपेला ओतिलियाच्या मुलानं, बेतोनंही पाहिला होता. आईजवळून उठवून त्यानं मावशीला स्वयंपाकघरात नेलं. माणूस वाईट नव्हता. मोंतेव्हिदेओहून एवढं अंतर गाडी चालवत यायचा, आईची नखं कापून द्यायचा.

“ती शेगडीसुद्धा चालू ठेवते, मावशी. आणि तू एकोणसत्तरची. कोण कोणाला सांभाळणार?”

“मी.”

“बरं. पुढच्या वेळी आईनं एक चित्र धड लावलेलं दाखव. मग कागद तसेच परत नेईन.”

ओतिलियाशिवाय या घरात झुल्मा एकदाच राहिली होती, लहानपणी. तेवढं पुरे झालं होतं.

म्हणून दुपारच्या जेवणानंतर ओतिलिया आडवी झाली, की झुल्मा टेबलाशी बसायची. चुकीचा तुकडा काढायचा, उलटायचा, आकडा वाचायचा, ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचा. मग बरोबरचा शोधून त्या जागी ठेवायचा. जागी झाल्यावर ओतिलिया चित्राकडे बघायची. दुसऱ्या दिवशी नवे चुकीचे तुकडे बसलेले असायचे. थोडे जास्त. पुष्कळदा त्याच जागी.

शनिवारी वारा सुटला. छपराची झडप आपटायला लागली, म्हणून झुल्मा स्टुलावर चढली. झडप ओढून घेतली, कडी घातली आणि उतरण्यासाठी खाली पाहिलं.

टेबलावर तीस नंबरच्या पेटीतलं बंदर असायला हवं होतं. कडेनं ते होतंही. मध्ये मात्र परक्या तुकड्यांचा मोठा पट्टा पसरला होता, आणि तो वरून पाहिला की जुळत होता. कुठल्याशा चर्चची काळी-पांढरी फरशी चौकाची फरशी झाली होती. रेल्वेच्या पुलाची कमान आडावर उभी होती, घंटेची दोरी रहाटावर. दारूच्या पिंपांच्या फळ्या एकत्र येऊन लाकडी झाकण झालं होतं. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. आडाच्या काठावरून एक लहान मुलगी आत वाकली होती, पाठमोरी. टाचा वर उचललेल्या. फ्रॉक पिवळा.

झुल्मानं झडपेची कडी घट्ट धरली.

खाली उतरल्यावर टेबलावर पूल होता, पिंपं होती, गाय होती. चित्र कुठे नव्हतं. फ्रॉकचा तुकडा तेवढा तसाच पिवळा. तिनं तो काढून उलटला. पाठीवर आकडा नव्हता.

ब्लांकाच्या पत्रकात पांढरा फ्रॉक होता, कारण सकाळी आईनं धाकटीला पांढरा घातला होता. दुपारी सगळे झोपल्यावर बाहुलीचे बदलावेत तसे कोणी तिचे कपडे बदलले, हे घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. आडाचं झाकण जड असायचं. आठ वर्षांच्या मुलीला ते उचलायला दोन्ही हात लागायचे, आणि परत लावायला सगळं अंग.

झुल्मानं दोन्ही तळवे टेबलावर दाबून धरले होते. ते तिनं उचलले आणि कामाला लागली. सदुसष्ट तुकडे काढले. सहासष्ट आपापल्या पेट्यांत गेले. पिवळा तिनं ॲप्रनच्या खिशात टाकला. ओतिलिया उठली तेव्हा टेबलावर कडेपासून कडेपर्यंत बंदर होतं.

ओतिलियानं ते पाहिलं आणि सबंध संध्याकाळ टेबलाला हात लावला नाही.

रविवारी बेतो आला. हातात बेकरीतल्या बिस्कोचोंचा पुडा, काखेत निळी फाईल. फाईल त्यानं खुर्चीवर ठेवली. झुल्मानं ‘माते’ चहानं भोपळ्याचं भांडं भरून त्याच्या हातात दिलं. तो नळीतून चहा ओढत टेबलाभोवती एक चक्कर मारून आला.

“आई, हे तू लावलंस?”

“एकटीनं कुठे,” ओतिलिया म्हणाली. “आम्ही तिघींनी.”

झुल्मा किटलीतून पाणी ओतत होती. थोडं भोपळ्याबाहेर गेलं.

“तिसरी कोण?”

“तू खा बिस्कोचो. मोठा आलाय चौकशी करणारा.” ओतिलियानं बंदराच्या मधोमध हात फिरवला, पलंगपोस सारखा करावा तसा. मग बहिणीकडे वळली. “आडाचं झाकण परत लावलंस ना, झुल्मा?”

“कुठला आड?” बेतोनं विचारलं.

“जुना,” झुल्मा म्हणाली. “तुझ्या जन्माआधीच बुजवला.”

“म्हणजे इथेच होता का?”

“होता.”

बेतोनं चटईकडे पाहिलं, मग चित्राकडे. एक तुकडा बोटानं दाबून पाहिला. तो पक्का होता.

“बोलणं इकडचं तिकडे होतंच या वयात,” तो म्हणाला. “माझी सासू मला अजून दुसऱ्याच जावयाच्या नावानं हाक मारते. चित्र मात्र धड आहे.” त्यानं फाईल उचलून पुन्हा काखेत मारली. “हिवाळा संपेपर्यंत राहू दे. पण शेगडी तूच बघ, मावशी.”

“बघेन.”

“आणि तिला एकटं सोडू नकोस.”

“नाही सोडणार.”

गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळून नाहीसा झाला. झुल्मानं दाराला कडी घातली. हेच हवं होतं तिला. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. चौकातून पेट्या खाली ठेवल्याचे आवाज येत राहिले.

“ये ना,” ओतिलियानं आतून हाक मारली.

ती गेली. ओतिलियानं बंदर मोडून तुकडे पेटीत भरले होते. टेबल रिकामं होतं. शेल्फावरच्या सगळ्या पेट्या तिनं खाली काढून भोवतीनं मांडल्या होत्या, झाकणं उघडी. ती टेबलाच्या मध्यापाशी वाकून एका जागेवर बोट ठेवून थांबली होती.

“बस,” ती म्हणाली. “या वेळी तिच्यापासून सुरू करू.”

तिनं दुसरा हात पुढे केला, तळवा वर.

“खिशातला दे.”

झुल्मा बसली. चटई पायाला गार लागली. तिनं खिशात हात घातला आणि तुकडा बहिणीच्या तळव्यावर ठेवला.

ब्लांका नाहीशी झाली त्या उन्हाळ्यात ओतिलिया घरी नव्हती. डिसेंबरात उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून ती साल्तोला आत्याकडे होती, आणि मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा परतली.