पाच थेंब, दोन वेढे

तेजूची उठायची वेळ टळून गेली तरी झोळीत काही हालचाल नव्हती. पाच महिन्यांची पोर, दुपारची अर्ध्या तासाच्या वर कधी झोपली असेल तर शपथ. झोळीतून एक पाय बाहेर काढून अशी बोंब ठोकायची की शेजारच्या दोन घरांतल्या बायकांचा डोळा उघडायचा. आणि आज तीन तास होत आले होते. संयोगितानं वाकून पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागत होता, उबदार, संथ. तिनं तळपायाला हळूच गुदगुली केली. तेजूनं पाय आखडून घेतला, चोखल्यासारखे ओठ हलवले आणि पुन्हा झोपेत बुडून गेली.

संयोगिताला पान्हा दाटून आला होता, ब्लाउज भिजला होता. तरी पोरीला उचलून छातीशी धरायला ती धजत नव्हती. कशाची भीती ते तिला पक्कं माहीत होतं. कपाटाच्या तळकप्प्यात, बाळंतविड्यातल्या टोपड्यांखाली, बोटभर उंचीची एक तपकिरी बाटली होती. तिच्यावर लिहिलं होतं, विजया तेल.

दुखणं जुनं होतं. तीन वर्षांपूर्वी, लग्नाला सहा महिने झाले असताना, राजारामपुरीतल्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघून सांगितलं होतं की मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मुळापासून जाणारा आजार नाही, पण गोळ्या चुकवल्या नाहीत तर गप्प बसतो. आणि तो बसलाही होता. गरोदरपणात डॉक्टरांनी त्याच गोळ्या चालू ठेवल्या, नऊ महिने विनातक्रार गेले. मग बारशाला आलेली कुणी एक लांबची मावशी पेढा खाता खाता बोलून गेली, “औषध आई खाती, पण पितंय लेकरू, येवढं ध्यानात ठेव बाई.” त्या दिवसापासून संयोगितानं गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. यात विचारायचं काय, गोळी ती गोळी.

तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं. मग कळा. मग परसात बोळाच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत दिवसातून अकरा-अकरा वेळा धावणं. धावण्याचं तिला काही वाटत नव्हतं, पण कळ यायची ती नेमकी तेजू पिताना. पोरीच्या तोंडातून स्तन ओढून काढायचा, तिला आत्तींच्या मांडीवर टाकायचं आणि पळायचं. दाराआड बसलं की बाहेरून ते अर्धवट राहिलेलं रडणं ऐकू यायचं. आतड्याची कळ बरी, असं ते रडणं असायचं.

आत्ती म्हणजे तिची सासू, बायडाबाई. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या, बोलायला तिखट आणि हाताला हलक्या. बोळातून सून परत आली की पोर तिच्याकडं देताना म्हणायच्या, “आलीस का पंचगंगेला जाऊन? घे, तुजी सावकारीण वसुलीला बसलीया.” हसता हसता संयोगिताच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते त्या बघून न बघितल्यासारखं करायच्या. त्यांचा मुलगा, संयोगिताचा नवरा धैर्यशील, शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जायचा. तो रोज घरी आल्यावर एकच विचारायचा, आज किती वेळा? ती दोन-तीन कमी करून सांगायची.

तेल सुचवलं ते पुण्याच्या बहिणीनं. स्वप्नालीच्या ऑफिसातल्या एका बाईला असाच आतड्याचा त्रास होता आणि ती हे थेंब घेऊन आता रोज दुचाकीवरून कामाला येत होती म्हणे. भांगेच्याच झाडाचं, पण नशेचं नव्हे, सीबीडी म्हणतात त्याला, आयुर्वेदात विजया. फोनवर एका वैद्यांशी बोलायचं, ते चिठ्ठी देतात, बाटली घरपोच येते. संयोगितानं एकच विचारलं, दुधातून जात नाही ना? स्वप्नाली क्षणभर थांबली आणि म्हणाली, “झाडपाल्याचंच की गं ते. तुझ्या गोळ्यांसारखं नाही.”

तेवढं पुरलं. बुडत्याला काडी पुरते तसं.

वैद्यांचा फोन आला तेव्हा दुपार होती आणि तेजू पदराखाली पीत होती. संयोगितानं मोबाइल गव्हाच्या डब्याला टेकवून असा उभा केला की त्यात फक्त तिचा चेहरा दिसावा. वैद्य भला माणूस होता. आजार किती वर्षांचा, रक्त किती, झोप कशी, सगळं विचारलं. मग म्हणाले, “बाळ अंगावर पितं का? पीत असेल तर मी हे देणार नाही.” पदराखाली तेजूनं चुटकन आवाज केला. संयोगितानं खोकल्याचं निमित्त केलं आणि म्हणाली, “नाही. वरचं दूध घेतं.” पाच महिन्यांत तिनं पोरीला वरच्या दुधाचा थेंब दिला नव्हता. ते बोलताना तिचा हात आपसूक पोरीच्या कानावर गेला होता.

सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच, जिभेखाली. गवतासारखी कडवट चव. आणि खोटं कशाला बोला, गुण आला. तिसऱ्या दिवसापासून पोटातला पीळ सैल पडला. अकराच्या आठ वेळा झाल्या. ती एका जागी बसून भाकरी-दूध जेवली, तेजूला मांडीवर घेऊन एक सबंध पाजणं पुरं केलं, दोन्ही बाजूंचं. किती दिवसांनी पोर पिता पिता पोटभर होऊन आपणहून सुटली आणि आईकडं बघून हसली. त्या हसण्यासाठी तिनं बाटलीभर काय, घागरभर तेल प्यायलं असतं. रक्त तसंच होतं. त्याच्याकडं तिनं बघायचं सोडून दिलं.

आणि सहाव्या दिवशी तेजू झोपायला लागली.

पहिल्या दिवशी दोन तास, मग अडीच, आज तीन. संयोगितानं थेंब त्याच संध्याकाळी थांबवले. दुसऱ्या दिवशी पोर तशीच झोपली. तिसऱ्या दिवशीही. थेंब बंद होऊन तीन दिवस झाले आणि कळा परत आल्या, आठाच्या बारा झाल्या, पण तेजूची झोप काही हटेना. म्हणजे ते दुधात मुरलंय, असं संयोगितानं धरलं. पोरीच्या अंगात गेलंय, डोक्यात गेलंय. पाजताना तिला वाटायचं, आपण हिला काय पाजतोय? आणि न पाजावं तर द्यायचं काय? छातीशी धरायचं, मग दूर करायचं, मग पोर रडली की पुन्हा धरायचं. एकदा तर तिनं तेजूला उठवायला गालावर थंड पाणी लावलं. पोरीनं दचकून डोळे उघडले, आईला ओळखलं आणि पुन्हा मिटले.

चौथ्या दिवशी सकाळी तिला राहवेना. आत्ती स्वयंपाकघरात सहाण मांडून तेजूची गुटी उगाळत होत्या. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, खारीक, बदाम, जायफळ, एकेक घ्यायचं, आईच्या दुधात सहाणेवर त्याचे मोजून वेढे फिरवायचे, कुणाचा एक, कुणाचे दोन. हे मोजमाप बायडाबाईंच्या हातात होतं. त्या घरातली चार पोरं त्यांनी अशीच वाढवली होती. संयोगिता बाटली घेऊन आली आणि ती तिनं सहाणेशेजारी ठेवली. काय आहे, कुठून आली, वैद्यांशी आपण काय खोटं बोललो, सगळं सांगितलं. आवाज चढला नाही, रडूही आलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “आत्ती, मी पोरीला भांग पाजली.”

बायडाबाईंच्या हातातलं जायफळ सहाणेवर तसंच थांबलं. मग बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली, वास घेतला, खाली ठेवली.

“हे कवापास्नं?”

“बारा दिवस झाले. चार दिवस बंद केलंय.”

“आन् ती झोपाय लागली कवापास्नं?”

“सहा दिवस झाले.”

आत्तींनी ते जायफळ पदरात पुसलं. उगीचच पुसलं, पुन्हा पुसलं. “मग मीबी सांगतो,” त्या म्हणाल्या. डोंगराकडच्या बायका बोलतात तशा त्या ‘सांगतो’, ‘जातो’ असंच म्हणायच्या. “शुक्कारपास्नं मी जायफळाचं दोन येढं जास्त देतोय तिला. एकाचं तीन केलं. तू रोज आठ-आठ येळंला पळत व्हतीस, तोंड बघ कसं झालंय. म्हनलं, पोर जरा जास्त झोपली तर माय पाठ टेकंल. तुला सांगितलं न्हाय. तू नको म्हनली असतीस.”

क्षणभर संयोगिताला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. जायफळ! म्हणजे आपलं दूध नव्हे, आपले थेंब नव्हेत. आत्तीही हसायला बघत होत्या. मग दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं. जायफळही गेलं होतं आणि थेंबही गेले होते. पोरीच्या एवढ्याशा अंगात कशानं काय केलं, हे सहाण सांगणार नव्हती की बाटली.

बायडाबाईंनी उगाळलेली गुटी मोरीत ओतली. आयुष्यात पहिल्यांदा.

धैर्यशील रात्रपाळी करून घरी आला तो या दोघींना रिक्षाची वाट बघत दारात उभ्या बघून गडबडला. ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला कुणीच कसं सांगितलं नाही, एवढंच तो म्हणाला. आत्ती फटकन बोलल्या, “तुला सांगून काय? तू सहाणंवर बसणार व्हतास?” पण मग त्यांनीच त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि रिक्षात आपल्या शेजारी जागा केली.

आधी लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तेजूला उलटीपालटी करून तपासलं, टाचेवर टिचकी मारून रडवलं, ते रडणं ऐकून त्यांना बरं वाटलं. पोर ठीक आहे म्हणाले, जायफळ बंद, गुटीच बंद, आणि दोन दिवस नजर ठेवा. दुधाचं विचारल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. हे तेल चरबीत मुरतं, दुधात उतरतं. किती उतरतं, किती दिवस राहतं, हे ठामपणानं सांगण्याइतकं अजून कुणाला माहीत नाही. तोवर पाजू नका. तोवर म्हणजे किती, असं संयोगितानं विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, की माहीत नाही.

पोटाच्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि लगेच दाखल व्हायला सांगितलं. सूज फार पुढं गेली होती, आता शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागणार होती. बाटली हातात घेऊन त्यांनी वाचली. रागावले नाहीत. या तेलानं कळ कमी वाटते, कुणाकुणाला बरंच बरं वाटतं, पण आतली सूज त्यानं बसते असं अजून दिसलेलं नाही, असं म्हणाले. कळ झाकली गेली आणि आत जखमा चालूच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “पण आपल्या गोळ्या कधी सोडल्या?”

“बारशापासून. दुधातून जातात म्हणून.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “त्या चालल्या असत्या, ताई. त्या गोळ्या घेऊन खुशाल पाजलं असतंत. एक फोन करायचा होतात.”

संयोगितानं मान हलवली. शेजारी आत्ती तेजूला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पोरीच्या पाठीवर थोपटायचं थांबवलं नाही, पण ताल चुकला.

आज दवाखान्यातला तिसरा दिवस. वॉर्डात लेकराला आणू देत नाहीत. धैर्यशीलनं रजा टाकली आहे, तो आणि त्याची आई आळीपाळीनं खाली झाडाखालच्या बाकावर तेजूला घेऊन बसतात, वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजतात. निम्मं गळ्यावरून वाहतं. पोर चमचा जिभेनं ढकलते आणि मान वळवून, तोंड उघडून, ज्याच्या-त्याच्या सदऱ्यात, पदरात शोधते. हे आत्तींनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर सांगायला नको होतं असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

दर तीन तासांनी संयोगिता सलाईनचा हात सांभाळत दुसऱ्या हातानं स्टीलच्या भांड्यात दूध पिळते. पिळलं नाही तर आटेल, नर्सबाईंनी सांगितलंय. पांढरंशुभ्र, वर साय धरेल असं दूध. नर्सबाई म्हणतात बेसिनमध्ये टाका. आत्ती टाकू देत नाहीत. आईचं दूध पायदळी जाऊ नये, मोरीत जाऊ नये. भांड्यावर पदर झाकून दोन जिने उतरून जातात, झाडाच्या बुंध्याशी ओततात, भांडं नळाखाली धुतात आणि वर येतात. गुडघे दुखत असतात, तरी एकदाही नर्सबाईंच्या हातात देत नाहीत.

आत्ता त्या वर आल्या, पालथं भांडं खिडकीत ठेवलं. खालून रडण्याचा आवाज येत होता. अर्धवट, ओढीचा, बोळातल्या दाराआड ऐकू यायचा तोच.

“झोपली नाही?” संयोगितानं विचारलं.

“न्हाय. टक्क जागी हाय. सकाळपास्नं डोळ्याला डोळा न्हाय.”

संयोगितानं खिडकीकडं मान वळवली. गेल्या आठवड्यात ती याच रडण्यासाठी झोळीशी उभी राहून नवस बोलली होती. आता ते येत होतं, सलग, जिन्यावरून वर, आणि ती उठू शकत नव्हती. पुन्हा पान्हा फुटला, गाऊनवर दोन ओले ठिपके पसरत गेले. आत्तींनी बघितलं, पालथं भांडं सरळ केलं आणि तिच्या हातात दिलं.