कामाची पोर

"आजपासनं तो कंप्युटरचा वर्ग बंद!" खलफनं बाबुन्याच्या वाफ्यातनंच आवाज टाकला. "देवानं बोटं फुलं खुडाय दिल्यात, खटके दाबाय न्हाय."

इजिप्तमधलं फयूमकडचं ते रान बाबुन्याच्या पांढऱ्या औषधी फुलांनी भरलं होतं. दव आहे तोवर खुडणी उरकायची. एकदा खमसीनचा धुळीचा वारा सुटला की फूल हातात भुगा होतं. नबवीयानं कंबर धरून नवऱ्याकडं बघितलं. शेजारी तिची धाकटी, पंधरा वर्षांची इन्साफ, मान खाली घालून खुडत होती.

"शुक्रवारी त्या फौजीच्या घरची इन्साफला मागाय येत्यात," खलफ म्हणाला. "चार माणसांत लग्नाचा कागद करू, अठरा भरली की सरकारात नोंदवू. सबाहचं केलं तसंच."

"सबाहचं काय झालं, ते दिसतंय की घरात," नबवीया म्हणाली.

सबाह थोरली. सोळाव्या वर्षी दिली. नवरा कामाला लिबियात गेला नि तिकडंच रमला. सासरच्यांनी तो कागद चुलीत घातला. आठ महिन्यांचं पोर काखेत घेऊन ती माघारी आली. पोराला ना दाखला, ना नाव. दवाखान्यात लस टोचाय नेलं तरी आधी कागद मागायचे. नबवीयाला स्वतःलाही चौदाव्या वर्षी उजवलेली. आता तिला रागसुद्धा यायचा नाही, नुसता शीण.

"बा, शुक्रवार जरा पुढं ढकला," इन्साफ हळूच म्हणाली. "सबाहच्या पोराची नोंद करता येती."

"कोण म्हणतं?"

"सरकारी नियम फोनवर हुडकाय वर्गातल्या बाईंनी शिकवलंय. वय कमी, म्हणून लगीन कोर्ट मानत न्हाय. पर पोराचा बा कोण, ते मानतं. दाजीचा आवाज हाय फोनमधी. 'माझ्या लेकाला जप,' असं चारदा म्हणालाय. तारखांसकट उतरवून ठिवलंय म्या."

"नोंद हुईस्तवर जा वर्गाला," खलफ म्हणाला. नातवाचा विषय निघाला की त्याचं काही चालायचं नाही.

मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. खलफ, सबाह नि पोर धक्के खात तालुक्याला जायची, संध्याकाळी धुळीनं माखून यायची. "साहेब आला न्हाय," "शिक्का ऱ्हायला," "पुढच्या महिन्यात या." फौजीच्या घरचा शुक्रवार पुढं पुढं जात राहिला. इन्साफ वर्गात जाई, अर्ज भरी, नि उन्हं कलायच्या आत रानात परत येई. बाबुना संपला, मका उभा राहिला, तेव्हा पोराला दाखला मिळाला. सबाह दाखला छातीशी धरून कितीतरी वेळ रडली.

ही बातमी गावभर झाली. बाया दारात येऊ लागल्या. कुणाचं विधवेचं पेन्शन अडलेलं, कुणाचं रेशनचं कार्ड. खलफला लोक चहा पाजू लागले. तो मिशीवरनं हात फिरवायला शिकला.

आणि एके दिवशी सकाळीच फौजीची आई आली. "खलफभाऊ, आता थांबायचं न्हाय. आमच्या जमिनीचे कागद दहा वर्षं कुजत्यात. असली सून घरात पायजेच. याच महिन्यात उरकू."

नबवीयाची भाकरी तव्यावरच राहिली. जे शिकून पोर या लग्नातनं सुटायची, त्यानंच तिचा भाव वाढला होता.

खलफनं चहाचा घोट घेतला. "तीन वरसं तरी न्हाय जमायचं, वैनी. घरचे अर्ज कोण भरंल? पाण्याच्या पाळीचं गाऱ्हाणं हाय, कचेरीत दाखल करायचं हाय. पोर कामाची हाय."

फौजीची आई तणतणत गेली. इन्साफ चुलीपाशी येऊन बसली. डोळे भरलेले.

"आये, बा माझ्यासाठी न्हाय थांबला. त्याच्या कामासाठी थांबला."

"व्हय," नबवीया म्हणाली. "दुभत्या म्हशीच्या लाथा गोड. पर तीन वरसं मिळाली न्हवं? मला तीन दिस मिळाले न्हवते."

करपली भाकरी तिनं बाजूला काढली, नि नवा गोळा थापायला घेतला.

"ऊठ. वर्गाला उशीर हुतोय."