बिनविरोध गावाचा प्रमुख पाहुणा

चिंचवडच्या शाळेत मी एकोणतीस वर्षे संस्कृत शिकवले. त्या काळात शालान्त परीक्षेत संस्कृतात शाळेतून सर्वप्रथम येण्याचा मान ज्या मोजक्या विद्यार्थ्यांनी मिळवला, त्यांत कस्तुरा एक. तिचे वडील भिवा पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. बौद्ध कुटुंब, घरात ग्रंथ थोडे आणि ग्रंथांविषयी आदर मोठा. मुलीने पुढे संस्कृतच घ्यावे, असा माझा आग्रह होता. तिने राज्यशास्त्र घेतले. तेही मी सोसले. परंतु पीएच.डी.साठी तिने ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत स्त्रियांवर होणारी हिंसा हा विषय घेतला, तेव्हा माझा धीर सुटला.

“अगं, मारामारीचे कसले शास्त्र?” मी म्हणालो.

“मारामारीलाही नियम असतात, गुरुजी. कुणी मारायचं, कुणी खायचं आणि कुणी बोलायचं नाही, हे सगळं ठरलेलं असतं.”

पुढे एक्याऐंशीचा फेब्रुवारी उजाडला. कस्तुरा एका महाविद्यालयात हंगामी अध्यापिका होती. पदवी मिळाली तर नोकरी कायम, आणि नोंदणीची मुदत मार्चअखेर संपणार. प्रबंधाचे एक प्रकरण अडले होते. निघोज्याच्या अलीकडच्या एका गावात गिरजाबाई नावाच्या स्त्रीने निवडणुकीचा अर्ज भरला आणि मारहाण झाल्यावर तो मागे घेतला, आणि निवडणूक बिनविरोध झाली, असे कस्तुराने ऐकले होते. गिरजाबाईचे यजमान धोंडीबा भिवाच्याच पाळीत काम करीत. त्यांच्या तोंडून ते एकदा निसटले आणि पुन्हा कधी आले नाही. कस्तुराचे मार्गदर्शक म्हणाले, “जिथे मतदानच झाले नाही, तिथे राजकीय हिंसा कुठली? त्या बाईची साक्ष आणा, नाहीतर प्रकरण काढून टाका.”

खरे सांगतो, मला त्या मार्गदर्शकांचेच पटत होते. त्याला कारणही होते. दोन वर्षांपूर्वी त्याच गावात बिनविरोध निवडणुकीचा सत्कार झाला, तेव्हा प्रमुख पाहुणा मी होतो. पुढारी मारुतरावांनी मला जीपमधून नेले, शाल पांघरली. सर्वांची मने एक असावीत, अशा अर्थाचा वैदिक मंत्र मी सस्वर म्हटला. अशा गावावर माझ्याच शिष्येने संशय घ्यावा!

तरीही भिवा घरी येऊन म्हणाले, “गुरुजी, पोर एकटी जाते. तुम्ही सोबत असलात तर गावात मान राहील,” आणि मी निघालो.

तळवड्यापर्यंत बस, पुढे नदी ओलांडून पायी. बस वेळेवर आली असे एकदाही झाले नाही. गिरजाबाईंच्या घरी मात्र आदर उदंड. मला पाहताच त्यांच्या सासूबाई चतुराबाईंनी दारातच घोंगडे अंथरले. मी तेथे बसलो. कस्तुरा आत चुलीपाशी. गिरजाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. आजच्या दिवसांत अशी मर्यादा दुर्मीळ, असे माझ्या मनात आले.

“अर्ज का मागं घेतला, ताई?” कस्तुराने विचारले.

“आमचं आमीच घेतला.”

“कुणी दम दिला? हात उचलला?”

“न्हाई बा. कायबी झालं न्हाई.”

पुढच्या रविवारी तेच. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा तेच, शब्दाचाही फरक नाही. मध्येच मारुतराव येऊन डोकावून जात. “काय गुर्जी, बाईसाहेबांचा अभ्यास आजून चाललाय व्हय? आमच्या गावात भांडानच न्हाई, राव. ल्हिनार तरी काय?” मी हसून मान डोलवावी. परतीच्या वाटेवर कस्तुराला म्हणावे, “झाले नाही म्हणते ना ती? मग का खणतेस?” ती काही बोलत नसे. तिच्या त्या न बोलण्याचा मला अधिकच संताप येई. पायांना फोड आले होते, आणि मुदतीचे तीन आठवडे उरले होते.

चौथ्या रविवारी गिरजाबाईंनी “कायबी झालं न्हाई” म्हणताच मीच दारातून म्हणालो, “बाई, खरे काय ते एकदा सांगून टाका. हिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि माझे पाय गेले!”

चतुराबाईंनी हातातले सूप खाली आपटले.

“गुर्जी, रागावू नगा. पन तुमी उठल्याबिगर ती सांगायची कशी?”

“मी काय केले?”

“तुमी काय करनार! सासऱ्याच्या वयाचं मानूस दारात बसलंय. म्हातारपनी मला येक कळंना, येवढं शिकल्यालं मानूस, त्याला दिसंना कसं? तिला जे दावायचंय त्ये पदराखाली हाय.”

गिरजाबाईंनी पदर आणखी खाली ओढला.

“अर्ज मागं घ्यायच्या दिवशी सकाळी चौघं आले,” चतुराबाई म्हणाल्या. “हिचं डोस्कं त्या चौकटीवर आपटलं. मंग मारुतराव म्हनला, पदर म्होरं घ्या वैनी, कचेरीत चांगलं दिसंल. तिथला सायब म्हनला म्हनं, लई मर्यादशील बाई हाय.”

मी ज्या चौकटीला पाठ टेकून चार रविवार बसलो होतो, तिच्यापासून दूर झालो. कस्तुराकडे पाहिले. तिची मान खाली होती.

“तुला हे ठाऊक होते?”

“जखमेचं नाही, गुरुजी. पण तुम्ही बसलात की त्या बोलत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग महिनाभर गप्प का राहिलीस?”

“तुम्हाला उठा कसं म्हणायचं?”

हेच तर मी तिला शिकवले होते. मला स्वतःचा असा राग आला, की पायताण उलटसुलट घालूनच मी बाहेर पडलो.

आणि समोरून मारुतराव येताना दिसले, नेहमीप्रमाणे डोकावायला.

“झालं का गुर्जी?”

“नाही. आपल्याकडेच येत होतो,” मी म्हणालो. “त्या सत्काराच्या वेळी मी मंत्र म्हटला, पण अर्थ सांगायचा राहून गेला. चला, मारुतीच्या पारावर बसू.”

“अर्थ? आत्ता?”

“मोठे न्यून राहिले होते. आज भरून काढतो.”

मी त्यांचा हात धरला. गावातल्या चारचौघांसमोर वृद्ध ब्राह्मणाचा हात झटकणे त्यांना शक्य नव्हते. मर्यादा त्यांनाही होती. पारावर बसून मी आरंभ केला. प्रथम छंद, मग स्वर, मग प्रत्येक पदाचा धातू, मग पूर्वाचार्यांची मतमतांतरे. मारुतराव दोनदा उठले, दोनदा मी म्हणालो, “अर्ध्यावर उठू नये, दोष लागतो.” असा कुठलाही दोष मी वाचलेला नाही. आयुष्यात शास्त्राच्या नावाने मी सांगितलेले ते एकमेव असत्य.

“गुर्जी, भाकर निवंल माझी,” शेवटी ते काकुळतीने म्हणाले.

“शेवटचे पद राहिले आहे. सर्वांचे मन. आता हे ‘सर्व’ कोण, याचा विचार करू.”

दोन तासांनी कस्तुरा आली. वही छातीशी धरलेली होती.

आम्ही नदीपाशी आलो. पाण्यात पाय घालण्यापूर्वी ती थांबली.

“सगळं सांगितलं त्यांनी. अंगठाही दिला, चतुराबाईंनी साक्षीला दिला. पण प्रकरणात त्या सत्काराचं लिहावं लागेल, गुरुजी. मारून गप्प केलं, आणि मग त्यावर शाल घातली, असं आहे ते.” ती अडखळली. “प्रमुख पाहुणे ‘एक निवृत्त शिक्षक’, एवढंच लिहिते.”

“गिरजाबाईंचे नाव घालणार आहेस?”

“त्या म्हणाल्या, घाला.”

“मग माझेही घाल. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. आणि मंत्र म्हटल्याचेही लिही.”

तिने तिथेच, दगडावर बसून, लिहून घेतले. मी खांद्यावरून पाहिले. वडिलांच्या नावात तिने एक ऱ्हस्व दीर्घ केला होता. दुसरा कुठलाही दिवस असता, तर मी बोललो असतो.