दादाचं फूल आणि मुळ्याची भाजी

आईनं दादाच्या फुलझाडाची भाजी केली आणि ती वहिनीनं दोन भाकरींबरोबर खाल्ली. आता हे घडलंच नाही असं समजून पुढं वाचावं. आमच्या घरात तसंच ठरलंय.

दादा म्हणजे मच्छिंद्र, मिलिटरीत, काश्मीरकडं. गेल्या वर्षी सुटीवर येताना त्यानं प्रिमरोजचं रोप आणलं, ओल्या मोज्यात गुंडाळून. दुसरा मोजा त्याच्या पायात होता.

"तिकडं बर्फ वितळलं की पहिलं हेच फुलतं," तो चांगुणावहिनीला म्हणाला. "ते बघितलं की घर आठवतं. पुढच्या सुटीला मला हे आपल्या परसात फुललेलं बघायचंय."

आमच्या पाथर्डीकडं बर्फ पडत नाही. बहात्तर साली तर पाऊसही पडला नाही. वहिनीनं रोप डालड्याच्या डब्यात लावून डबा परसात रांजणाखाली मातीत पुरला. रांजण पाझरेल तेवढं पाणी त्याचं. दुपारी मी त्यावर छत्री धरायचो. त्या साली गावात कामाला आलेली ती एकमेव छत्री. उन्हाळ्यात रोप मेलं, थंडीत परत आलं. माघात कळी धरली, आणि दादाचं कार्ड आलं: येतोय.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शिवाय फुलझाड म्हणजे त्याला फूल असणार, हे तिचं ठाम मत. तिला दिसली नुसती खरबरीत हिरवी पानं. संध्याकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून वहिनी आली, जेवायला बसली.

"आत्याबाई, मुळा कुठं गावला?"

"रांजणाखाली आपसूक उगावलाय. खा बाई, खडी फोडून पार काडी झालीस."

वहिनीचा घास थांबला. मी तोंड उघडलं, तर तिनं मला चिमटा काढला. मग भाजी आणखी वाढून घेतली.

"लई ग्वाड झालीया, आत्याबाई."

"आन मच्छिंद्रचं फूल कसं हाय गं?"

"हाय की. निजलंय."

मग ती परसात जाऊन रडली, आणि रडून झाल्यावर उरलेल्या बुडख्याला तिनं पाणी घातलं. आज त्याला उंदराच्या कानाएवढं पान फुटलंय. दादा परवा येतोय, म्हणून हा अर्ज:

मा. कमांडिंग ऑफिसर साहेब यांचे सेवेशी, विनंती अर्ज की, आपले शिपाई मच्छिंद्र यांची सुटी सदर रोपास फूल येईपर्यंत वाढवून मिळावी. तोवर सरहद्दीवर त्यांच्या जागी मी उभा राहीन. मला छत्री धरण्याचा अनुभव आहे.